नावाचा रकाना

भूकंप, दुष्काळ आणि मुख्य कचेरीची अचानक तपासणी या तीन गोष्टी सोडल्या, तर या जगातल्या बहुतेक आपत्ती नावासाठी ठेवलेली जागा अपुरी पडल्यामुळे ओढवतात, असे माझे प्रामाणिक मत आहे. तुम्ही म्हणाल, बँकेतला कारकून तो! त्याला रकान्यापलीकडचे जग काय दिसणार? कबूल. पण रकान्याच्या आतले जग मी जेवढे पाहिले आहे, तेवढे फार थोड्यांनी पाहिले असेल.

फॉर्म छापणाऱ्या माणसाचे स्वतःचे नाव नेहमी तीन अक्षरी असते. त्याशिवाय त्याने 'संपूर्ण नाव (आडनाव प्रथम)' असे लिहून पुढे दीड इंच जागा सोडली नसती. हा मनुष्य साताऱ्यास कधीही आलेला नसावा. सातारा ही छत्रपतींची राजधानी. इथे नाव मोजूनमापून घेत नाहीत. आधी 'श्रीमंत', मग स्वतःचे नाव त्यातल्या 'राव'सकट, मग वडिलांचे त्यांच्या 'राव'सकट, मग आडनाव, मग कंसात मूळ आडनाव, मग 'इनामदार' आणि शेवटी गाव. खाते अज्ञान मुलाचे असेल तर आणखी 'अ. पा. क.' म्हणून आईचे नाव. सांगलीची तऱ्हा वेगळी. इथे माणसाचे नाव आटोपशीर, पण दुकानाचे नाव शिक्क्यात मावत नाही. 'अमुक अमुक आणि कंपनी, जनरल मर्चंट्स अँड कमिशन एजंट्स, हळद, गूळ व बेदाणा' एवढे झाल्यावर खाली 'करिता मुखत्यार' येतात. मी साताऱ्यास अकरा वर्षे काढली आणि २०१६ साली सांगलीस बदलून आलो. म्हणजे दोन्हीकडच्या नावांखाली माझी मनगटे सारखीच दुखलेली आहेत.

मी चिकटलो तेव्हा आमच्या बँकेत लेजरे शेवटचे आचके देत होती. त्या काळी साताऱ्याच्या आमच्या हेडक्लार्कांनी मला एक हकीकत सांगितली होती. ती माझ्या जन्माआधीची. नवे लेजर सुरू झाले, की जुन्या लेजरातली खाती त्यात उतरवून काढायची असत. पानाच्या वरच्या ओळीत डावीकडे खातेदाराचे नाव आणि उजवीकडे मागील शिल्लक. नावे एका कारकुनाने लिहायची आणि शिलका दुसऱ्याने भरायच्या, अशी वाटणी होती. त्यात एका पेठेतल्या मंडळाचे खाते निघाले. नाव असे : 'श्री' पासून सुरुवात, पुढे पेठेचे नाव, पुढे 'सार्वजनिक गणेशोत्सव, व्यायाम, वाचन व सांस्कृतिक मंडळ (रजिस्टर्ड), स्थापना १९५२.' पहिल्या कारकुनाचे अक्षर टपोरे. त्याने इमानाने सगळे नाव लिहिले. 'स्थापना' हा शब्द रकान्याच्या रेघेला टेकला आणि '१९५२' रेघ ओलांडून शेजारच्या घरात जाऊन बसले. शेजारचे घर शिलकेचे होते.

दुसरा कारकून शिल्लक भरायला आला. पाहतो तो आकडा आधीच भरलेला. 'बरे झाले, एक काम वाचले' म्हणून त्याने पान उलटले. वास्तविक मंडळाच्या खात्यावर सव्वाअकरा रुपये होते. पुढे भाद्रपदात मंडळाने मांडववाल्याला एकोणीसशे रुपयांचा चेक दिला. लेजर पाहणाऱ्याने रकाना पाहिला. रकाना शिलकेचा, त्यात आकडा आहे, म्हणजे आकडा शिलकेचाच. चेक पास! पुढे जुळणी लागेना तेव्हा सगळी शाखा रात्रीची बसली. मंडळाने ते पैसे दुसऱ्या वर्षी वर्गणीतून भरले आणि अहवालात आमच्या बँकेचे नाव 'आश्रयदाते' म्हणून छापले.

हेडक्लार्क ही गोष्ट सांगून झाली की चष्मा काढीत आणि म्हणत, "यात लबाड कोणीच नव्हता, म्हणून एकोणीसशेवर भागलं. उद्या एखाद्या लबाडाला समजलं की आपल्या रकान्याला कुंपण नाही, तर तो मंडळच काढील. नाव ठेवील 'स्थापना ९९९९९'!"

असे मंडळ निघायला पुष्कळ वर्षे लागली, आणि ते पेठेत निघाले नाही.

तारीख ११ डिसेंबर २०१७, वार सोमवार. सांगलीच्या आमच्या शाखेत मुख्य कचेरीचे एक परिपत्रक येऊन पडले. विषय होता, 'मायक्रोसॉफ्ट ऑफिस : मेमरी करप्शन व्हल्नरेबिलिटी'. ई-मेलने आलेल्या फाइली उघडण्यात धोका आहे, असा त्याचा मजकूर. आता हे परिपत्रक ई-मेलने धाडावे तर ते फाईल म्हणून जोडावे लागणार, आणि फाईल तर उघडायची नाही. या पेचातून मुख्य कचेरीने वाट काढली आणि ते टपालाच्या थैलीतून पाठवले. परिपत्रकावर तारीख २४ नोव्हेंबरची होती. थैलीने आपला वेळ घेतला.

बँकेत 'करप्शन' हा शब्द आला की पंखेसुद्धा हळू फिरू लागतात. दक्षता सप्ताह नुकताच होऊन गेला होता. लाच घेणार नाही आणि देणार नाही, अशी शपथ आम्ही एका हातात चहाचा कप धरून घेतली होती. मॅनेजरसाहेबांनी परिपत्रक दोनदा वाचले आणि विचारले, "आपल्या शाखेत मेमरी कोणाच्या नावावर आहे?" आमचे सांगलीचे हेडक्लार्क रोज सकाळी गीता म्हणून येणारे. ते म्हणाले, "साहेब, मेमरी करप्शन म्हणजे स्मृतिभ्रंश. दुसऱ्या अध्यायात आहे. त्याच्या पुढची पायरी बुद्धिनाश." साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले, परिपत्रकाकडे पाहिले आणि 'सर्वांनी नोंद घ्यावी' असा शेरा मारून ते माझ्याकडे ढकलले. मी बी. कॉम. आहे. गणित टळावे म्हणून माणसे जी पदवी घेतात ती. तरी शाखेत कॉम्प्युटरची वायर निघाली की ती खोचण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे या विषयातला अधिकारी पुरुष मीच ठरलो. पुढे जे काही समजावून घेतले ते असे.

आपण पत्रे टाइप करतो त्या वर्डच्या घरात एक जुना भाडेकरू राहत होता. नाव इक्वेशन एडिटर. गणिताची समीकरणे, म्हणजे वर्गमूळ, अपूर्णांक, ते वळशावळशाचे चिन्ह, हे सगळे कागदावर नीट मांडून देणे हा त्याचा धंदा. डिझाइन सायन्स नावाच्या अमेरिकन कंपनीने त्याला घडवला होता. त्याच्या अंगावरचा शिक्का ९ नोव्हेंबर २००० चा. पुढे २००७ च्या ऑफिसमध्ये मायक्रोसॉफ्टने समीकरणांची नवी सोय केली. पण जुन्या कागदांतली समीकरणे उघडता यावीत म्हणून या म्हाताऱ्याला मागच्या खोलीत राहू दिले.

आता बँकेत समीकरण कोणाला लागते? आम्हाला बेरीज, वजाबाकी आणि पगारातली कपात एवढेच गणित ठाऊक. आमच्या शाखेत वर्गमूळ काढल्याचे ऐकिवात नाही. पण वर्ड बसवला की म्हातारा आलाच. शाळा, कचेऱ्या, वकील, साखर कारखाने, जिथे जिथे वर्ड, तिथे तिथे मागच्या खोलीत हा.

तुम्ही जुने वाडे पाहिले असतील. मालक पुढचा भाग पाडून नवा बांधतो, लोखंडी ग्रिल बसवतो, लॅच लावतो. पण मागे दीडशे रुपये भाड्याचा जो जुना कुळवाला असतो, त्याच्या परसदाराला अजून तीच लाकडी खिटी. २००० सालानंतर कॉम्प्युटरच्या घरांना चोरांपासून जपणारी नवी नवी कुलुपे निघाली. ती वर्डला बसली. म्हातारा मात्र वेगळ्या खोलीत, वेगळ्या चुलीवर. त्याच्या दाराला त्यातले एकही बसले नाही.

आणि चूक कुठली, म्हणाल? नावाच्या रकान्याची! समीकरण कोणत्या वळणाच्या अक्षरात छापायचे, त्या वळणाचे, म्हणजे फॉन्टचे, नाव कागदातच दिलेले असते. म्हातारा ते नाव वाचून आपल्या वहीतल्या एका छोट्या रकान्यात उतरवून घेई. नाव किती लांब आहे, रकान्यात मावेल का, हे पाहण्याची त्याला कोणी सवयच लावली नव्हती. समोर येईल ते तो शेवटच्या अक्षरापर्यंत लिहीत जाई. टपोरे अक्षर, इमानी कारकून!

त्या रकान्याशेजारी काय असते, हे ऐकून ठेवा. कॉम्प्युटर हाही कारकूनच. हातात एक काम असताना दुसरे आले, की तो चिठ्ठीवर लिहून ठेवतो : 'हे झाले की अमुक पानावरच्या अमुक ओळीवर परत जायचे.' ही चिठ्ठी नावाच्या रकान्याला लागूनच. नाव लांबले की शाई वाहत वाहत त्या चिठ्ठीवर जाणार. काम संपल्यावर कारकून चिठ्ठी उचलणार आणि तिच्यावर जे असेल तिकडे मुकाट्याने चालू लागणार. लबाडाने नावच असे ठेवलेले असते, की त्याचा शेवटचा तुकडा बरोबर चिठ्ठीवर पडावा आणि त्यावर लिहिलेले असावे : 'आता तिजोरीकडे जा, दार उघड आणि बाहेर उभे असलेले पाहुणे सांगतील ते कर.' मेमरी करप्शन ते हेच. कोणी लाच घेतलेली नाही, कोणी दिलेली नाही. फक्त नाव लांबले.

एम्बेडी नावाच्या कंपनीच्या संशोधकांनी ही खोड शोधून काढली आणि १४ नोव्हेंबर २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने तिच्यावरचे ठिगळ जगापुढे ठेवले. खोडीला रीतसर गुन्हा नोंदणी क्रमांकही मिळाला, सीव्हीई-२०१७-११८८२. सतरा वर्षे ती कोट्यवधी घरांत मागच्या खोलीत बसून होती. ठिगळ बाहेर पडले आणि काही दिवसांतच बँका लुटणाऱ्या 'कोबाल्ट' नावाच्या टोळीने तशी पत्रे पाठवायला सुरुवात केली. चोरही परिपत्रके वाचतात. फरक इतकाच, की त्यांची टपालाच्या थैलीतून येत नाहीत.

मी हे सगळे जमवून सांगत होतो, तेव्हा आवक-जावकच्या मॅडमचा चेहरा उतरत चालला होता. वय वर्षे चोवीस. नोकरीला लागून पाच महिने झालेले. जानेवारीत कायम व्हायची. वडील मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे. घरात कचेरीच्या खुर्चीवर बसलेले पहिले माणूस म्हणजे ही. शेवटी ती म्हणाली, "सर, मागच्या मंगळवारी एक फाईल उघडली होती. हळदीच्या व्यापाऱ्याचं बिल म्हणून आली होती. उघडली आणि कॉम्प्युटर जागच्या जागी थांबला. आज सहा दिवस तो मामांनी पोत्यात घालून मुख्य कचेरीला पाठवलाय."

पाठोपाठ निदान आले. रोग तोच. पैसा गेला नव्हता, पाहुणे उंबऱ्यावरच अडकले होते. पण निदानाबरोबर एक मेमोही आला : 'परिपत्रकातील स्पष्ट सूचनांचे उल्लंघन करून अनोळखी फाईल उघडल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करू नये?'

इथे मला त्या पिवळ्या पट्टीबद्दल सांगितले पाहिजे. बाहेरून आलेली फाईल वर्डमध्ये उघडली, की माथ्यावर एक पिवळी पट्टी येते. सांभाळून असा, अशा अर्थाचे काहीतरी तिच्यावर इंग्रजीत असते आणि शेजारी 'एनेबल एडिटिंग' असे बटण. ते दाबेपर्यंत कागद काचेमागे ठेवल्यासारखा असतो. पाहता येतो, पण छापता येत नाही. आणि न छापलेला कागद हा बँकेत कागदच नव्हे! त्याला शिक्का कुठे मारणार? आवक क्रमांक कुठे घालणार? म्हणून सगळ्या शाखेत, सगळ्या बँकेत, माझ्या समजुतीप्रमाणे सगळ्या भरतखंडात, पिवळी पट्टी दिसली रे दिसली की बटण दाबायचे अशी वहिवाट पडली आहे. त्यातून आमची सांगली. इथे पिवळे म्हणजे हळद, हळद म्हणजे शुभ. लाल पट्टी असती तर कोणी घाबरले तरी असते.

तेव्हापासून तीन आठवडे ही मुलगी डबा उघडीत नव्हती. दुपारी रजिस्टर पुढ्यात ओढायची आणि रेघा मारीत बसायची. घरी तिने काही सांगितले नव्हते. वडील रोज संध्याकाळी यार्डातून परतताना शाखेसमोर सायकल उभी करायचे आणि तिला डबलसीट घेऊन जायचे. त्या सायकलीकडे पाहणे आम्हा सगळ्यांना जड जाऊ लागले होते.

मग चौकशी अधिकारी आले. माणूस वाईट नव्हता. पण चौकशीला आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत जाता येत नाही, एवढीच त्यांची अडचण.

"मॅडम, अनोळखी माणसाची फाईल तुम्ही उघडलीतच का?"

"सर, ओळखीची माणसं काउंटरवर येतात. ई-मेल अनोळखीच पाठवतात." आवाज कापत होता, पण वाक्य पुरे झाले. "माझ्या टेबलाचं नावच आवक आहे. आलेलं उघडायचं नाही, तर मी काय करायचं?"

साहेबांनी हे लिहून घेतले नाही. "पण परिपत्रक होतं ना?"

इतक्यात चहा घेऊन आलेले मामा, म्हणजे आमचे शिपाई, ट्रे हातात धरूनच उभे राहिले. "सायेब, एक बोलू का?"

"बोला."

"दोन हजार पाचच्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी चढलं, तवा घाटावर धुणं धुणाऱ्या बायकास्नी कुणी मेमो दिला न्हाई."

"त्याचा इथं काय संबंध?"

"पाणी वरनं सोडलंवतं. कोयनंतनं. सातारकडं दारं उघडणार, भिजणार आमी. आन पाणी वसरल्यावर इचारणार, बाई, तू पायरीवर का बसलीवतीस? तिचं कामच पायरीवरचं न्हवं का?"

अलमट्टीचे नाव मामांनी घेतले नाही. चौकशी एकाच दिवसाची होती. पण साताऱ्याचा माणूस म्हणून मी मान खाली घातली. कऱ्हाडला कृष्णा-कोयना गळ्यात गळा घालतात, ते पाहायला आम्ही प्रीतिसंगमावर सहली नेतो. तेच पाणी पुढे सांगलीत कोणाच्या माजघरात शिरते, याचा विचार सहलीत कोणी करीत नाही. आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे सांगलीच्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ असते. या गावात 'ओव्हरफ्लो' म्हणजे काय, हे शिकवायला तज्ज्ञ लागत नाही. आणि पूर येतो तेव्हा आधी वर काय झाले ते विचारावे, हेही इथे शिकवावे लागत नाही.

साहेब म्हणाले, "पूर राहू द्या. परिपत्रकाचं बोला."

तेव्हा त्या मुलीने आवक रजिस्टर उघडले. गोल, मोठे, शाळेतले अक्षर. बोट एका ओळीवर ठेवले. परिपत्रकाचा क्रमांक, त्यावरची तारीख २४ नोव्हेंबर, शाखेत मिळाल्याची तारीख ११ डिसेंबर, शिक्का, सही. मग बोट वर सरकवले. हळदीच्या बिलाची नोंद, तारीख ५ डिसेंबर. जे पत्र तिच्या टेबलावर यायचे होते, त्याचे उल्लंघन तिने सहा दिवस आधीच केले होते!

साहेब बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "आणि ते ठिगळ... ते कॉम्प्युटरला लावायचं काम कोणाचं?" हेडक्लार्क अदबीने म्हणाले, "मुख्य कचेरीचं, साहेब. आम्हाला त्याचा पासवर्ड नसतो." साहेबांनी मामांकडे पाहून सांगितले, "चहा द्या."

अहवाल मुलीच्या बाजूने झाला. 'सदर कर्मचाऱ्याने नेमून दिलेले काम केले' हे वाक्य मी स्वतः उलट्या बाजूने वाचले. पण अहवालाच्या छापील फॉर्मात एक रकाना होता, 'दोषी कर्मचाऱ्याचे नाव'. तो कोरा ठेवून चालत नाही, फॉर्म परत येतो. साहेबांनी पेन दातात धरले, विचार केला आणि बारीक अक्षरात लिहिले : 'इक्वेशन एडिटर (संगणक प्रणाली), निर्मिती दि. ९ नोव्हेंबर २०००.' रकाना दीड इंचाचा. 'नोव्हेंबर'पर्यंत कसेबसे मावले. '२०००' शेजारच्या रकान्यात गेले. शेजारच्या रकान्याचे शीर्षक होते, 'वसूलपात्र रक्कम'.

फेब्रुवारीत मुख्य कचेरीचे पत्र आले : 'रुपये दोन हजार मात्र अद्याप वसूल का झाले नाहीत?' ते पत्र आमच्याकडे 'पुढील कार्यवाहीसाठी' या फायलीत आहे. वसुली ज्याच्याकडून करायची तो तोवर सेवेत राहिला नव्हता.

कारण मध्यंतरी मायक्रोसॉफ्टने म्हाताऱ्याचा निकाल लावला होता. पहिली दुरुस्ती ज्या तज्ज्ञांनी तपासली, त्यांना ती मूळ लिखाणावरून केलेली वाटली नाही. तयार प्रोग्रामवरच कोणीतरी हाताने खाडाखोड करून, आहे त्याच जागेत नाव मोजण्याची सूचना बसवली असावी, असा त्यांचा निष्कर्ष. बँकेत अशा खाडाखोडीशेजारी आद्याक्षरी सही लागते. पण एवढे करूनही म्हाताऱ्याच्या खोलीत तसलेच दुसरे भोक सापडले, तेव्हा २०१८ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने त्याला घराबाहेरच काढले. हार नाही, नारळ नाही, निरोप समारंभात 'सदैव हसतमुख' म्हणणारे कोणी नाही. ज्या सुमारास त्याच्या अंगावर तो शिक्का बसला, त्याच सुमारास आमच्या सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली होती. कशी उलटी गंमत पाहा! गणित येणारी माणसे घरी गेली आणि गणित मांडणारा प्रोग्राम सतरा वर्षे टिकला.

म्हातारा गेला तरी त्याचे परसदार सगळीकडे बंद झाले नाही. ज्या यंत्रांना ठिगळ लागलेच नाही, तिथे तो अजून इमानाने नावे उतरवून घेतच होता. अशा फाइलींचे पेव फुटले. (पेव फुटणे म्हणजे खरोखर काय, हे बघायचे तर हरिपूरला जावे. तिथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवीत.) मे २०२० मध्ये अमेरिकन सरकारने, मागच्या चार वर्षांत चोरांनी सर्वांत जास्त वापरलेल्या दहा भोकांची यादी काढली. त्यात आमचा हा होताच, आणि परक्या सरकारांच्या पदरी असलेल्या चोरांच्या तर तो खास आवडीचा निघाला. सोबतीला २०१२ सालचे, ऑफिसमधलेच आणखी एक भोकही होते. आठ वर्षे झाली तरी लोकांनी ते बुजवलेले नव्हते.

बँकांना चोर काही एकाच दाराने येत नाहीत, हे खरे. २०१६ साली बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर गेले. तपासात निघाले, की आधी तिथे नोकरी मागणाऱ्याचे अर्ज ई-मेलने आले होते. तिथेही कोणीतरी आवकच्या टेबलावर बसलेले असणारच. व्यवहार छापणारा प्रिंटर चोरांनी बंद पाडला होता, पण प्रिंटर बंद आहे याचे बँकेत कोणाला आश्चर्य वाटते? एक रक्कम मात्र वाचली. चोरांनी लाभार्थीच्या नावात 'फाउंडेशन'ऐवजी 'फँडेशन' लिहिले आणि कोण्या एका बँकेतल्या माणसाने ते नाव वाचून शंका काढली. नावाचा रकाना वाचणारा माणूस जगात अजून आहे, या विचाराने मला त्या रात्री शांत झोप लागली. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ११ आणि १३ या दोन तारखांना ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले, त्यातले बरेचसे अठ्ठावीस देशांतून काढले गेले. काही रोकड आमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या एटीएममधूनसुद्धा गेली. तेव्हा आमच्याकडेही एकदम जाग आली. मुख्य कचेरीने सगळ्या यंत्रांना ठिगळे लावायचा धडाका लावला. एक मात्र राहिले. ते कोपऱ्यातले, मामा ज्याच्यावर डबा ठेवीत ते. त्याचा नंबर कुठल्याच यादीत नव्हता.

त्याचा बंदोबस्त ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाईने केला. आयर्विनपाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. आमच्या काउंटरवरून ते तीन दिवस वाहत होते. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखलातून एकेक वस्तू बाहेर काढली. कॉम्प्युटर गेले, खुर्च्या गेल्या. आवक रजिस्टर मात्र वरच्या फळीवर होते म्हणून वाचले. त्या मुलीनेच ते तिथे ठेवले होते.

आता ती ऑफिसर झाली आहे. नव्या पोरांना कामाला लावते. मुख्य कचेरीचे परिपत्रक अजून सांगते, 'अनोळखी फाईल उघडू नये.' ती पोरांना तसे सांगत नाही. "उघडायची," ती म्हणते. "तुझं कामच ते आहे. पण पिवळी पट्टी आली की आधी वाच. शंका आली तर पाठवणाऱ्याला फोन कर. आणि रोज सकाळी बघ, यंत्राला नवं ठिगळ लागलंय का. नसेल तर मुख्य कचेरीला लेखी कळव, आणि कळवल्याची तारीख रजिस्टरला टाक."

पोरे विचारतात, "मॅडम, तारीख कशाला?"

ती काही बोलत नाही. फक्त पट्टी घेऊन नव्या रजिस्टरात रेघा मारून देते. त्यात नावाचा रकाना मी मोजून पाहिला आहे. चांगला साडेतीन इंचांचा आहे.